पुण्यात सॅक्सोफोनचे शिक्षक हवेत (नवशिक्यासाठी नाही)

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. सात वर्षं झाली, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेची आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेडही गेल्या वर्षी झाली. आता गाडी अडली आहे. कोथरूड-कर्वेनगर भागात चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी फुंकायचं कसं इथपासून सुरुवात, नाहीतर महिनाभरात दोन हिंदी गाणी बसवून देतो म्हणतात. एका क्लासात सर मुळात कीबोर्डचे निघाले!

त्याला दोन गोष्टी हव्यात. एक, जॅझमधलं इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) आणि अल्टिसिमोचे, म्हणजे वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्याही वरचे सूर, जे त्याचे दर वेळी फाटतात. दुसरं, सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांचं ऐकल्यापासून या वाद्यावर राग वाजवायचं वेड लागलंय. चाव्यांच्या वाद्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) काढायची म्हणजे ओठ-जबड्याचाच खेळ, तो यूट्यूबवर बघून येत नाही. समोर बसून कुणीतरी कान पकडायला हवा.

शिकवणारे पदवीवालेच हवेत असं नाही. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला किंवा लष्करी बँडमध्ये वाजवलेले कुणी निवृत्त वादक असतील तर उत्तमच. आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष. कॅम्प, खडकीपर्यंत जाऊ. महिन्यातून दोनदा मुंबईलाही चालेल. बासरी किंवा शहनाईच्या गुरुजींकडे सॅक्सोफोन घेऊन कुणी शिकलंय का? तो अनुभवही सांगा.

फी साधारण किती पडते तेही कळवा. आणि हो, फ्लॅटमध्ये रियाझ करताना शेजाऱ्यांना कसं सांभाळता? आमच्या खालच्या काकूंचा संयम संपत आलाय.