आईला खालच्या भागात वारंवार यीस्ट (बुरशीचं) इन्फेक्शन, बुरशीवरची फ्लुकोनाझोल गोळी पुन्हा द्यावी का?

निशिगंध_७
आई ५८ वर्षांची, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं, दिवाळीनंतर डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ नव्याने जोडली. तेव्हापासून खाज, लघवीनंतर चुरचुर, अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं. केमिस्टने फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी आणि एक ट्यूब दिली (क्लोबेटासोल, मायकोनाझोल, निओमायसिन). चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ आहे, म्हणजे साखर फार वाईट नाही. तपासून घ्यायला आई लाजते. गोळी परत दिली तर चालेल?

खलबत्ता
आधी ग्लिमेपिराइडचं बघा. फ्लुकोनाझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवते, त्याच एन्झाइमने ग्लिमेपिराइडचा निचरा होतो. त्यामुळे ती रक्तात साचते आणि साखर अचानक उतरू शकते. फ्लुकोनाझोल शरीरातून निम्मी जायलाच साधारण ३० तास लागतात, म्हणजे हा धोका एका दिवसाचा नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच, तर पुढचे चार-पाच दिवस उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. घाम, थरथर, गरगरणं, ७० च्या खाली आकडा: लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर फ्लुकोनाझोल विचारल्याशिवाय अजिबात नको.

ती ट्यूब आजच बंद करा. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून औषध लागू पडल्यासारखं वाटतं, पण बुरशीला मोकळं रान मिळतं आणि तिथली नाजूक कातडी पातळ होत जाते. निओमायसिनचा बुरशीवर काही परिणाम नाही, उलट त्याची ॲलर्जी येते. असली तिहेरी मलमं काउंटरवरून सर्रास दिली जातात, हे आमच्या केमिस्टच्या धंद्याला शोभणारं नाही.

ओपीडी_सोमवार
एचबीए१सी ७.१ असूनही हे होतंय, कारण डापाग्लिफ्लोझिनचं कामच मुळी साखर लघवीवाटे बाहेर काढणं आहे. रक्तातली साखर आटोक्यात असली तरी लघवीत साखर राहते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. गोळी परस्पर बंद करू नका, ती हृदय आणि किडनीसाठीही दिलेली असू शकते. ज्यांनी सुरू केली त्यांना या तक्रारीचं स्पष्ट सांगा. त्रास थांबतच नसेल तर ते बदलून देतील.

मधुमेहात एक डोस पुरत नाही. क्लोट्रिमाझोल १ टक्का योनीमार्गाचं क्रीम ॲप्लिकेटरने रोज रात्री ५ ग्रॅम, ७ ते १४ रात्री, झोपण्याआधी आडवं पडून. खाज थांबली तरी कोर्स पूर्ण करायचा, बहुतेक जणी इथेच चुकतात. या वयात आत ठेवायच्या गोळीपेक्षा क्रीम बरं: कोरडेपणामुळे गोळी नीट विरघळत नाही, सकाळी तिचा पांढरा चुरा बाहेर येतो आणि तोच स्राव समजून लोक घाबरतात.

पण हे सगळं तपासणीनंतर. पाळी गेलेल्या बाईची खाज म्हणजे बुरशीच असं नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्याने येणारा कोरडेपणा, लायकन स्क्लेरोसस (कातडी पांढरी, पातळ करणारा त्वचारोग), दोन्हींत अशीच आग होते. थोडंही रक्त दिसलं तर अंगावर काढू नका. आणि त्या भागात खूप दुखून सूज, लाली, सोबत ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळात न्या. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांवर क्वचित तिथे गंभीर संसर्ग होतो.

स्लाइडवर_पाहा
लॅबमध्ये नुसतं ‘स्वॅब’ म्हणू नका. चिठ्ठीवर केओएच तपासणी (स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), फंगल कल्चर (बुरशी वाढवून बघणं) आणि प्रजाती ओळखणं असं लिहून घ्या. मधुमेहात आणि या वयात कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही बुरशीची प्रजाती जास्त सापडते, तिच्यावर फ्लुकोनाझोल कमी चालते. शिवाय ती तंतू धरत नाही, त्यामुळे केओएचमध्ये सहज निसटते, कल्चरमध्येच कळते. क्रीम चालू असताना नमुना दिला तर वाढ येत नाही, म्हणून औषध सुरू करण्याआधी द्या. पीएच पट्टीवर मात्र विसंबू नका: पाळी गेल्यावर पीएच एरवीही ४.५ च्या वर असतो.

निशिगंध_७
ट्यूब बंद केली. ग्लॅब्राटा निघाली तर? आणि दही लावणं, इंटिमेट वॉश वगैरे?

ओपीडी_सोमवार
मग बोरिक ॲसिड ६०० मिग्रॅच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल, रोज एक, दोन ते तीन आठवडे. फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने. तोंडावाटे गेल्यास विष आहे, नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. कॅरमची पावडर बऱ्याचदा बोरिकची असते म्हणून ती घरी कॅप्सूलमध्ये भरणारे महाभाग आहेत, ते तर मुळीच नको.

दही लावू नका, वॉश आणि डेटॉलचं पाणीही नको. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन पुढून मागे टिपून घेणं पुरे, डापाग्लिफ्लोझिनवर असताना ते विशेष महत्त्वाचं. आईंना सांगा, स्वॅबला दोन मिनिटं लागतात आणि बाई डॉक्टर मागता येते.