गॅरेजला पार्ट आपणच आणून दिले तर खरंच पैसे वाचतात का?

मागची_सीट
गाडी बऱ्यापैकी चाललेली आहे, खड्ड्यातून गेली की पुढून खडखड वाजते आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थोडं थरथरतं. गॅरेजवाल्याने बघून एस्टिमेट दिलंय, पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), दोन्ही शॉकअप, ब्रेक पॅड आणि डिस्क. लेबर ठीक वाटलं पण पार्टचा आकडा बघून घामच फुटला. घरी येऊन ऑनलाइन बघितलं तर तेच पार्ट (निदान नाव तरी तेच) बरेच स्वस्त दिसतायत. आता प्रॉब्लेम असा की मेकॅनिक माणूस चांगला आहे, लुबाडणारा नाहीये, त्याला दुखवायचं पण नाहीये. पार्ट मी आणतो तू फक्त बसव असं म्हणलं तर चालतं का? कोणी केलंय का असं, की शेवटी फिरून तेवढेच जातात?

पाना_१०
आधी एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टपुढे ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घे. नुसतं "लोअर आर्म २ नग" असं लिहिलं असेल तर तू ऑनलाइन तुलना नक्की कशाशी करतोयस?

एकाच पार्टचे साधारण तीन भाव असतात. एक गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, दुसरा ज्याने तो बनवला त्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि तिसरा कोणीतरी भलत्यानेच बनवलेला. शॉकअप, पॅड, प्लग, फिल्टर असल्या गोष्टी गाडीच्या कंपन्या बहुतेक वेळा बाहेरूनच घेतात. बॉश, माहले, डेन्सो, एनजीके हे लोक कंपन्यांना पण माल देतात आणि बाजारात पण विकतात. सॅक्स, लेमफोर्डर, टीआरडब्ल्यू ही तर तिन्ही झेडएफ या जर्मन पार्ट कंपनीचीच पिल्लं. गाडीला मुळात कोणाचा माल लागला होता ते जुन्या पार्टवर बऱ्याचदा छापलेलं असतं, तोच ब्रँड त्याच्याच डब्यात मिळाला तर घे डोळे मिटून. कधीकधी अशा पार्टवर कंपनीचा लोगो घासून काढलेला पण दिसतो, घाबरायचं नाही, तोच माल आहे.

आणि पार्ट शोधताना मॉडेल आणि वर्षावर जाऊ नकोस, चासी नंबरवरून शोध. एकाच वर्षात मधेच पार्ट बदललेला असतो आणि मग ब्रॅकेट जुळत नाही, भोक जुळत नाही असले प्रकार होतात. चासी नंबर १७ अक्षरी असतो, त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, म्हणजे गोल दिसलं की शून्य समजायचं.

ग्रीसवाला
मी स्वतः गॅरेज चालवतो, आमची बाजू पण ऐका. पार्टवर आम्ही मार्जिन घेतो, घेतोच, लपवायचं काय त्यात. पण त्या मार्जिनमध्ये बरोबर पार्ट शोधणं, चुकीचा आला तर परत पाठवणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे पार्ट लवकर गेला तर गाडी पुन्हा खोलून फुकटात बसवून देणं हे सगळं येतं. तुम्ही आणलेला आर्म थोड्या दिवसात वाजायला लागला तर विकणारा फार तर आर्म बदलून देईल, दुसऱ्यांदा खोलायचं लेबर तो देणार आहे का? मी तर देणार नाही बुवा.

दुसरं, गाडी लिफ्टवर चढवून सगळं मोकळं केल्यावर कळतं की साहेबांनी आणलाय तो पार्ट दुसऱ्याच व्हेरिएंटचा आहे. मग गाडी तिथेच लटकलेली, माझा लिफ्ट अडकलेला, आणि साहेब फोनवर कस्टमर केअरशी बोलतायत. म्हणून बरेच जण बाहेरचा पार्ट घेतच नाहीत किंवा घेतला तर लेबर वाढवून लावतात.

त्यापेक्षा सरळ विचारा ना, "हे बजेटमध्ये बसत नाहीये, दुसऱ्या ब्रँडचा भाव सांगा". आम्ही पहिल्यांदा कंपनीचाच भाव देतो कारण नंतर कटकट नको असते. विचारलं तर दोन-तीन पर्याय देतो की, आणि वॉरंटी पण आमच्याकडेच राहते.

पाना_१०
ग्रीसवाला भाऊ हे मान्य, पण दोन्ही करता येतं. ऑइल, फिल्टर, वायपर, प्लग, बल्ब यात फिटिंगचा फारसा घोळ नसतो, ते स्वतः आणून द्यावं. जिथे अर्धी गाडी खोलावी लागते, म्हणजे क्लच, टायमिंग बेल्ट वगैरे, ते गॅरेजकडूनच घ्यावं. फक्त फिल्टर, प्लग आणि ब्रेक पॅडमध्ये डुप्लिकेट माल खूप फिरतो. नावाजलेल्या ब्रँडची वस्तू सगळीकडच्यापेक्षा फारच स्वस्त दिसली तर ती कोणाच्या दुकानातून येतेय ते आधी बघा.

तेल_पाणी
सगळे डब्याच्या भावावर भांडतायत पण एवढं सगळं बदलायला झालंय का हे कोणीच विचारलं नाही. माझ्या मते खरे पैसे तिथे वाचतात.

डिस्क: प्रत्येक डिस्कची कमीत कमी जाडी ठरलेली असते आणि बहुतेक डिस्कवर ती कोरलेली पण असते. मेकॅनिकला मोजून दाखवायला सांग. जाडी त्याच्या खाली गेली असेल तर विषय संपला, बदल. बऱ्यापैकी शिल्लक असेल तर लेथवर घासून सरळ करता येते. आणि थरथर आहे म्हणजे डिस्कच वाकडी असं नाही, हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) गंज साचून डिस्क नीट टेकत नसेल तरी तसंच होतं, कधी आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) गेला तरी थरथर जाणवते.

आर्म: खडखड बुशची आहे का बॉल जॉइंटची (चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा)? काही गाड्यांमध्ये बुश सुटा मिळतो आणि प्रेसवर दाबून बसवता येतो, सगळा आर्म घ्यायची गरज नाही. पण बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही गेले असतील तर अख्खा आर्मच परवडतो, सुटं सुटं करण्यात लेबर खाऊन जातं. आणि आधी स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची छोटी जोडणी) हलवून बघितली का ते पण विचार, पुढच्या खडखडीत पुष्कळदा तीच निघते आणि बाकी सगळ्यांपेक्षा स्वस्त असते.

शॉकअप: वरवर तेलकट ओल दिसली म्हणजे गेलाच असं नाही, तेल ओघळून खाली आलं असेल तर गेला. बदलायचे तर दोन्ही बाजूचे सोबत, त्यात काटकसर नको. पॅडचं पण तसंच.

मागची_सीट
बाप रे, लिंकचं तर तो काही बोललाच नव्हता. आज गॅरेजला जाऊन आलो. न चिडता दाखवलं त्याने. डावी लिंक पूर्ण ढिली आहे, आर्मचे बुश फाटलेत ते मला पण दिसले, बॉल जॉइंट मात्र टाइट आहेत. शॉकअप एकच गळतोय. डिस्कची जाडी कोरलेल्या आकड्याच्या बरीच वर आहे, घासून देतो म्हणाला. बुश सुटे मिळतात का बघून सांगणार आहे. शॉकअप मात्र त्याच्याकडूनच दुसऱ्या ब्रँडचे घेतो. एक गळत असताना दोन्ही घ्यायचेच ना? आणि जुन्या गाडीचे काढलेले शॉकअप मिळतायत एके ठिकाणी, ते?

तेल_पाणी
दोन्ही घे. एक नवा एक जुना असेल तर ब्रेकला आणि वळणावर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात. काढलेले शॉकअप अजिबात नको, किती झिजलेत ते बाहेरून कळत नाही. आरसा, टेललाइट, दरवाजा, सीट असलं काही असतं तर म्हणलो असतो घे बिनधास्त.

ग्रीसवाला
अल्टरनेटर, स्टार्टरला रिकंडिशन चालतो, जुना दिला की भावात सूट पण मिळते काही ठिकाणी. शॉकअपला नाही.

आणि मागची_सीट, बुश बदलले तर त्याला एक सांगा, आर्मचे बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडीचं वजन चाकांवर पाहिजे. हवेत लटकत असताना आवळले की गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं, मग लोक म्हणतात पार्ट लोकल होता. काही गाड्यांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते बिलात दिसले तर त्यावर घासाघीस करू नका. अलाइनमेंट सगळं बसवून झाल्यावर एकदाच करा, आधी करून काही उपयोग नाही.

मागची_सीट
सांगतो त्याला. बोल्टचा विषय काढला तर कदाचित खरंच चिडेल आता 😅