येळ्ळूरच्या माळावरचे अर्थस्टार: खड्डे थांबवता येतील का?

माळकरी_येळ्ळूर: गायरानात आखूड गवतात चांदणीसारखी उमललेली अळंबी सापडलीत. मधे हरभऱ्याहून जरा मोठी गोळी, टोकाला बारीक भोक, खाली सहा-सात पाकळ्या. बोट टेकवलं की तपकिरी पूड उडते. तिथंच आता झाडं लावायला खड्डे मारणार म्हणतात. दुर्मिळ म्हणून थांबवता येईल का?

रानवाट_खानापूर: अर्थस्टारच वाटतंय, म्हणजे चांदणीसारखी उमलणारी बुरशी, जिअ‍ॅस्ट्रम. पण अ‍ॅस्ट्रिअसही असंच दिसतं. ते झाडांच्या मुळांशी जोडून जगतं, जिअ‍ॅस्ट्रम कुजक्या काडीकचऱ्यावर. जवळ झाड आहे का बघा. सुकल्यावर पाकळ्या मिटतात यावरून ठरवू नका, माळावरच्या काही जिअ‍ॅस्ट्रमांच्याही मिटतात. गोळीच्या टोकाचं भोक, म्हणजे तोंड बघा: अ‍ॅस्ट्रिअसचं वेडंवाकडं फाटतं, जिअ‍ॅस्ट्रमचं बहुतेकदा नेटकं असतं.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत प्राणी आहेत, वनस्पती आहेत, बुरशी नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत मार्च २०२५ मध्ये बुरशींची संख्या १,३०० वर गेली, त्यातल्या किमान ४११ धोक्यात. जगातल्या एकूण बुरशींपुढं १,३०० म्हणजे काहीच नाही. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका.

मध्य युरोपातल्या कोरड्या, वाळूच्या माळांवरही अर्थस्टारांच्या काही जाती आहेत. तिथं चराई थांबली की उंच गवत, झुडपं माजतात आणि यांची उघडी जागा जाते. माळाला झाडांची सावली म्हणजे सुधारणा नव्हे, हे मला अगदी मनापासून वाटतं.

धनगरवाडा: आमची बकरी त्याच अंगाला चरतात ओ. गवत आखूड राहतंय ते त्यामुळंच. दुसऱ्या माळावर अकेशिया लावली, आता खाली नुसता पाल्याचा थर, गवत उगवतच न्हाई. कागदावर मात्र जमीन 'पडीक'.

माळकरी_येळ्ळूर: जवळ झाड एकही नाही. तोंड नेटकं आहे, भोवती फिकट कडं. ग्रामसभेत काय मांडू?

रानवाट_खानापूर: आधी पट्टी शेजारी ठेवून वरून, खालून फोटो काढा. एक-दोनच सुकवून कागदी पाकिटात ठेवा, तारीख-जागा लिहा. कॉलेजातल्या मायक्रोस्कोपखाली बीजाणूंचा, म्हणजे त्या तपकिरी पुडीतल्या कणांचा, आकार मोजून घ्या: जिअ‍ॅस्ट्रमचे साधारण ४ ते ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अ‍ॅस्ट्रिअसचे बरेच मोठे. मग पंचायतीच्या जैवविविधता समितीला लेखी द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ती असायलाच हवी, आणि तिच्या नोंदवहीत बुरशीही बसते. धनगरवाड्यातल्या जाणत्यांना सोबत घेऊन जा, चराईचं त्यांनीच सांगावं. झाडं लावायचीच असतील तर गावठाणाच्या कडेची, रस्त्यालगतची जागा तुम्हीच सुचवा.