जानेवारीत अल्गार्व: जावं की नको? (सोबत आई-बाबा)

भटकीमनी:
नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटी दहा दिवस मोकळे मिळतायत आणि पोर्तुगालच्या दक्षिणेला अल्गार्वला जायचं डोक्यात घोळतंय. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास, चालतात भरपूर पण पायऱ्या उतरायला लागल्या की बाबांचा गुडघा कुरकुरतो. रेट बघत होते तर अल्बुफेराला स्विमिंग पूलवाला भलामोठा रिसॉर्ट इतक्या स्वस्तात दिसतोय की मलाच शंका यायला लागलीय, यात काहीतरी गोम असणार. ऑफ-सीझन म्हणजे नेमकं किती ऑफ? सगळं बंद असेल तर दोघांना घेऊन खोलीत पत्ते कुटत बसायचं का? गाडी घ्यावीच लागते का? बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आई अंडं खाते. आणि समुद्रात उतरता येईल का, हा एक बावळट प्रश्न पण विचारून ठेवते.

खारेवारे:
बावळट काही नाही, सगळ्यांना हेच वाटतं कारण नकाशात ते भूमध्य समुद्राच्या शेजारी दिसतं. पण तो अटलांटिक आहे बाई! हिवाळ्यात पाणी 15-16 अंश, घोट्यापर्यंत पाय भिजवून फोटो काढायचा आणि मागे फिरायचं. हवा मात्र मस्त असते, दुपारी 16-17 पर्यंत जाते, ऊन असलं तर जॅकेट काढून बाहेरच्या टेबलावर कॉफी घेता येते. सूर्य गेला की एकदम गार.

मी दोन हिवाळे फारोला काढलेत त्यामुळे जरा लांबण लावतो. रिसॉर्टची गोम आहेच. अल्बुफेराचा तो हॉटेलांचा पट्टा उन्हाळ्यासाठीच आहे, जानेवारीत अर्ध्याहून जास्त शटर खाली, खुर्च्या साखळीने बांधून ठेवलेल्या, आणि तुझा पूल बाहेरचा असेल तर त्यात कोण उतरणारे? ऑफ-सीझनला गाव असं निवडायचं जिथे माणसं बारा महिने राहतात, म्हणजे टुरिस्ट गेले तरी बेकरी, भाजीबाजार, औषधाचं दुकान सगळं चालू. फारो किंवा ताविरा. लागोसही चालेल पण तिथले देखणे किनारे सगळे कड्याखाली, पोंता दा पिएदादेला समुद्रापर्यंत उतरायचं तर दीडशेच्या वर पायऱ्या, बाबांना वरच्या लाकडी वाटेवरूनच बघू दे, वरूनही झकास दिसतं.

ताविराला मिठागरांच्या कडेने सपाट रस्ता आहे, फ्लेमिंगो अगदी जवळ दिसतात. तिथून थोडं पुढे बारिलचा किनारा, छोटा पूल ओलांडायचा आणि मग एक टॉय ट्रेन आहे पण चालत गेलात तरी एक-दीड किलोमीटर, पूर्ण सपाट. वाळूत जुन्या ट्यूना मासेमारीचे गंजलेले नांगर ओळीने रोवून ठेवलेत, शेकड्याने. उन्हाळ्यात तिथे छत्र्यांची गर्दी, जानेवारीत तुम्ही, नांगर आणि एखादा कुत्रा फिरवणारा आजोबा.

दोनचाकी:
मी जरा उलटं सांगणार आहे, सॉरी. आम्ही डिसेंबरात गेलो होतो आणि सात दिवसांत चार दिवस पाऊस. तिथे वर्षाचा पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच पडतो, उन्हाळा ठणठणीत कोरडा, त्यामुळे "अल्गार्वमध्ये 300 दिवस ऊन" वगैरे वाचून जाल तर उरलेले दिवस नेमके तुमच्याच वाट्याला येतील. बेनागिलच्या गुहेची बोट बुक केली होती, लाटा मोठ्या म्हणून दोनदा रद्द, आणि बोटवाल्याने पैसे परत करायला महिना लावला. त्यामुळे बोटीचं काही आधी बुक करू नका, तिथे गेल्यावर आदल्या दिवशी समुद्राचा अंदाज बघून ठरवा. तसंही गुहेच्या आतल्या वाळूवर उतरायला आता बंदी आहे. वरून कड्यावरून चालत गेलं तर गुहेच्या छताचं ते गोल भोक दिसतं, भोवती कुंपण आहे. ती सात दऱ्यांची वाट मारिन्या बीचपासून सुरू होते, एका बाजूने साधारण 6 किलोमीटर, चढउतार आहेत, पाऊस पडून गेल्यावर माती जाम घसरते. आई-बाबांसोबत सुरुवातीचा अर्धा तास करा आणि परत या, सगळ्यात भारी भाग तोच आहे.

भटकीमनी:
@खारेवारे @दोनचाकी धन्यवाद दोघांनाही, रिसॉर्ट कॅन्सल! आता ताविरा की फारो यात अडकलेय. पावसाच्या दिवशी काय करायचं असतं तिथे?

खारेवारे:
पावसात सिल्वेश. मूर लोकांच्या (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुस्लिम राज्यकर्ते) काळातली राजधानी, लाल दगडाचा किल्ला आहे, "अल्गार्व" हे नावच अरबी अल-घर्बवरून आलंय, म्हणजे पश्चिम. किल्ल्यावर मात्र पाऊस थांबल्यावरच चढा. फारोला कार्मो चर्चच्या मागे हाडांचं चॅपल आहे, भिंती कवट्यांनी मढवलेल्या, तुझ्या आईला ते झेपेल का ते बघ, माझी आई दारातूनच परत फिरली होती. बरं फारोच्या जुन्या शहरात शिरताना जी कमान लागते ना, तिच्या डोक्यावर करकोच्यांचं घरटं आहे, जानेवारीतच जोड्या येऊन चोचींचा खटखटाट सुरू होतो.

आणि तारखा चुकवू नकोस, जानेवारी अखेर म्हणजे बदामाचा बहर. गोष्ट सांगतात की कुठल्याशा मूर राजाची उत्तरेकडची राणी बर्फासाठी झुरत होती, म्हणून त्याने डोंगरभर बदाम लावले, खिडकीतून पांढरं दिसावं म्हणून. गोष्ट खरी-खोटी काय माहीत, झाडं खरी आहेत. संत्र्यांचाही तोच सीझन, रस्त्याच्या कडेला पाच-पाच किलोच्या जाळ्या घेऊन बसलेले असतात.

पोटपूजा_आधी:
खाण्याचं मी घेते. अंडं नाही म्हटल्यावर गोडाचा विषय जवळपास संपला, तिथल्या मिठाया म्हणजे अंड्याचा बलक आणि साखर, पाश्टेल द नाटा पण त्यातलाच. सूप सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं पण काल्दू व्हेर्द म्हणजे त्यांच्या हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात, आधीच सांगायचं "सें कार्न, सें पेश", म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं कार्न नको म्हटलं तर ट्यूना घालून आणतात, त्यांच्या हिशोबी मासा वेगळा. बसल्या बसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील ते फुकट नसतं हां, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी वाईट मानत नाही. दहा दिवस रोज हॉटेलात बाबांचं भागणार नाही, किचनवालं घर घ्या. सकाळच्या बाजारात पालेभाजी, रताळी (तिकडची अल्जेझूरची रताळी फेमस आहेत), सुके अंजीर, बदाम, सगळं ताजं. आणि लौलेचा बाजार शनिवारी बघा, इमारतच बघण्यासारखी आहे.

दोनचाकी:
गाडीचं राहिलं. फारो-ताविरा ट्रेन चाळीसेक मिनिटं, किनाऱ्याला धरून लागोसपर्यंत लाइन जाते पण स्टेशनं फसवी आहेत, अल्बुफेराचं स्टेशन गावापासून सहा किलोमीटर आणि सिल्वेशचं खाली दोन किलोमीटर. माझं मत, ताविराला राहा, पाच-सहा दिवस ट्रेनवर काढा आणि मधले तीन दिवस गाडी घ्या. ए22 हायवेचा टोल 1 जानेवारी 2025 पासून बंद झालाय, जुन्या ब्लॉगमध्ये टोलच्या डबीवरून पानंच्या पानं लिहिलेली दिसतील, ती सोडून द्या. गाडी असताना एक दिवस पश्चिमेचं टोक, साग्रेस आणि केप सेंट व्हिन्सेंट. सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास, तासभर आधी पोचा. टोप्या घट्ट बसणाऱ्या घ्या, माझी समुद्रात गेली. एक दिवस मोन्शिकचा डोंगर, त्याचं शिखर फोइया 902 मीटर, ढग असतील तर वर जाऊन काही दिसत नाही, खालूनच परत फिरा.

भटकीमनी:
ठरलं, ताविरा! बाबांना फ्लेमिंगो सांगितले, त्यांनी दुर्बीण शोधायला काढलीसुद्धा. लिस्बनला उतरून ट्रेनने जाऊ का मग? हिवाळ्यात फारोची डायरेक्ट फ्लाइट मिळतच नाहीये आमच्या तारखांना.

खारेवारे:
जा की, लिस्बन-फारो तीन तासांच्या आसपास, बसून जाता येतं, पुढे ताविराची गाडी पकडायची. एक मुख्य गोष्ट राहिली, थंडी बाहेर नसते, घरात असते. तिकडच्या बऱ्याच घरांत हीटिंग नाही, फरशी टाइल्सची, भिंतींना ओल, दुपारी बाहेर 17 आणि आत 14. आम्ही पहिल्या हिवाळ्यात घरात टोपी घालून जेवायचो आणि फिरायला जाताना काढायचो. बुकिंगच्या आधी घरमालकाला लेखी विचार, एसी गरम हवा देतो का, बेडरूममध्ये पण आहे का, आणि विजेचं बिल भाड्यात धरलंय का. फोटोत एसी दिसला म्हणून खूश होऊ नकोस, आमच्याकडे एसी होता, रिमोट नव्हता.