वारस लावायचाय म्हणून बोलावलं, कागदावर मात्र ‘हक्कसोडपत्र’

जुळे_सोलापूर:
वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन भाऊ आणि मी. मंगळवेढा तालुक्यात आजोबांपासून आलेली ४ एकर जिराईत आहे, सोलापुरात वडिलांनी बांधलेलं घर आहे, आणि बँकेत एक मुदत ठेव, तिला नॉमिनी थोरला भाऊ. भाऊ म्हणतात, “वारस लावायचाय, सोमवारी रजिस्टर ऑफिसला येऊन सही करून जा.” कागदाचा फोटो मागवला तर वर ‘हक्कसोडपत्र’ लिहिलंय. माझं लग्न १९९९ ला झालं, लग्नात खर्च केला, म्हणून आता हिस्सा नाही, असंही घरात बोलतात. भावांशी वाकडं नाही, पण कशावर सही करतेय ते कळायला हवं.

फेरफार:
ताई, सोमवारी सही करू नका. हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या लाभात सोडून द्यायचा दस्त. वारस नोंदीला, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायला, रजिस्टर ऑफिसची पायरी चढावीच लागत नाही. ती तलाठ्याकडं होते (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी). मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, पण आता वेळ घालवू नका. कुणाही एका वारसानं अर्ज केला तरी चालतो, म्हणजे तुम्ही स्वतःसुद्धा करू शकता, ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही. मृत्यू दाखला, सातबारा, ८-अ (खाते उतारा), सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधार जोडायचं.

गडबड होते ती त्या प्रतिज्ञापत्रात. मुलींची नावंच लिहीत नाहीत आणि फेरफार (हक्क बदलाची नोंद) तसाच पुढं सरकतो. म्हणून ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून नोटीस बघत राहा. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केलीच, तर ६० दिवसांत प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील.

साध्या अर्जावर किंवा नोटरी केलेल्या बाँडवर “बहिणीला हिस्सा नको” लिहून तुमचं नाव वगळता येत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो, म्हणून तर रजिस्टर ऑफिसला बोलावलंय.

घराचं काम वेगळं. मिळकत पत्रिकेवर वारस लावायला नगर भूमापन कार्यालयात अर्ज करायचा. महापालिकेच्या कर उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे कुणी मालक होत नाही.

समान_हिस्सा:
लग्नाच्या खर्चावरून हिस्सा कमी करणारं एकही कलम हिंदू उत्तराधिकार कायद्यात नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मानं सहहिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. जुने फेरफार काढून एवढं बघून घ्या.

आता हिशेब. शेतीची वाटणी वडील असतानाच झाली असं आधी धरायचं: वडील, आई, तुम्ही तिघं, प्रत्येकी १/५. मग वडिलांचा १/५ उरलेल्या चौघांत, म्हणजे १/२० प्रत्येकी. दोन्ही मिळून १/४. चार एकरांत ४० गुंठे. घर वडिलांच्या कमाईचं, तिथं सरळ १/४. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तीही वारस आहे. तिला धरून घराचे पाच वाटे होतील आणि शेतीचं गणितही बदलेल. भाऊ वेगळे होईपर्यंत घराची वाटणी मागता येत नाही, ही मुलींवरची जुनी अट २००५ लाच गेली.

आपल्याकडं लिंगायत घरं पुष्कळ, त्यांनाही हाच कायदा. मुस्लिम कुटुंबांत हिशेब निराळा, तिथं मुलीला मुलाच्या निम्मा.

ठेवीचं म्हणाल तर नॉमिनी म्हणजे पैसे उचलणारा, मालक नव्हे. बँक त्याला रक्कम देऊन मोकळी होते, पण ती चौघांची. बँक ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे सांगितलंय.

जुळे_सोलापूर:
खूप आभार. खरं सांगायचं तर शेतीतलं मला काही नको, पण ते आईच्या नावावर जावं असं वाटतं. घरातला हिस्सा मात्र सोडायचा नाही.

फेरफार:
मग क्रम उलटा करा. आधी चौघांची नावं सातबाऱ्यावर येऊ द्या, नंतर आईच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोड करा. वडिलोपार्जित जमिनीला त्याचा मुद्रांक ५०० रुपये आहे, नोंदणी फी वेगळी. फोटोतल्या कागदात “स्थावर व जंगम सर्व मिळकतीतील हक्क” अशी ओळ आहे का बघा. त्या एका ओळीत घर आणि ठेव दोन्ही जातात. तुमच्या दस्तात फक्त गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि आईचं नाव, एवढंच हवं.

समान_हिस्सा:
आईच्या नावावर गेलेलं पूर्णपणे तिचं. ती मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकते, हे धरूनच ठरवा. नोंदणीकृत हक्कसोड नंतर मन बदललं म्हणून मागं घेता येत नाही. फसवून सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी कोर्टात दावा, आणि शाबित करायचं ओझं तुमच्यावर.

मसुदा दाखवायला वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, मदत मोफत. फोनवर विचारायचं तर १५१००.