वसंत आला हे परसात आणि रानात कशावरून ओळखायचं? आणि कुसुंबाला रोग झालाय का?

मागीलदार_संगमेश्वर
नमस्कार मंडळी, संगमेश्वर तालुक्यात गावच्या जुन्या घरी राहायला आलो त्याला आता दुसरं वर्ष. मागे परस आहे, सहा हापूसची कलमं, दोन फणस, एक रातांबा, शेवगा, आणि गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) चढावर लगेच रान. गेल्या वर्षी घराच्या दुरुस्तीत शिमगा कधी आला नि गेला कळलंच नाही, यंदा ठरवलंय की रोज सकाळी चहा घेऊन मागच्या पडवीत बसायचं आणि नीट बघायचं. पण गोंधळ असा होतोय की वसंत म्हटलं की मनात हिरवंगार चित्र येतं आणि इथे तर सगळं उलटंच दिसतंय, ऐन, किंजळ उघडे पडलेत, पाणंदीत पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, ढीग, वहाळ आटलाय. आई (वय ७८) म्हणते अरे हाच वसंत, सावर फुलली म्हणजे थंडी गेली. पण पुढचं काय कधी ते तिला आता सलग आठवत नाही आणि मला ते सगळं तिच्यासोबत बघून लिहून ठेवायचंय.

दुसरं, गडग्याला लागून एक मोठं कुसुंबाचं झाड आहे. आठवड्यापूर्वी पूर्ण बोडकं होतं, आता नवी पानं आलीत पण ती चक्क लाल आहेत आणि मरगळल्यासारखी खाली लोंबतायत. झाडं तोडायला येणारा माणूस म्हणाला रोग आहे, कलमांना लागेल, पाडून टाका. परवा तो शेवग्याची सुकलेली फांदी उतरवायला येणारच आहे तेव्हा हेही करून घेऊ का?

सुरंगी
दादा कुसुंबाला हात लावू नका!! ती पालवी आहे, रोग नाही. कुसुंब दरवर्षी असाच लाल होतो, सावरीचा बहर ओसरायला लागला की याचा सुरू, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड फुललंय. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायच्या आधी लाल रंगद्रव्य असतं, त्याने उन्हापासून पान वाचतं आणि किडीही त्याला कमी लागतात असं म्हणतात. लोंबतात कारण अजून ताठ झालेली नसतात. एक पान तोडून उन्हाकडे धरून बघा, वाइनसारखा रंग दिसेल आणि शिरा फिकट. दोन आठवड्यांत तांबूस, मग पोपटी, मग हिरवं. कलमांना त्याचं काही होत नाही. तुमच्या कलमांची नवीन पालवीसुद्धा तांबूसच येते की, पिंपळाची पण.

आमच्याकडे वेंगुर्ल्यात वसंत आधी नाकाला कळतो. सुरंगी. फूल थेट जाड फांद्यांवर, झाडाच्या अंगालाच चिकटून येतं, त्यामुळे खालून बघितलं तर फांदीला पिवळट पांढरे दाणे लागल्यासारखे दिसतात. आरवली-शिरोड्याकडे बायका-पोरं पहाटे कळ्या काढायला झाडावर, कारण फूल उमललं की वळेसाराला, म्हणजे गजऱ्याला, उपयोग नाही. माझी आजी वळेसार सुकला तरी टाकायची नाही, कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची, पावसाळ्यात ट्रंक उघडली की मार्च महिना बाहेर यायचा.

घाटवाटा
मी मुळशीचा. क्रम विचारलाय म्हणून आमच्याकडचा सांगतो, तुमच्याकडे थोडं मागेपुढे होईल. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा, दोन्ही निष्पर्ण आणि दोन्ही लाल. सावरीखाली सकाळी अर्धा तास उभे राहा, बुलबुल, मैना, कोतवाल, खारी, वानरं सगळे त्या एका झाडावर, कारण पाणवठे आटत असताना फुलात मध भरलेला असतो. खाली पडलेलं फूल उचलून बघा, पाच जाड मेणासारख्या पाकळ्या आणि हाताला वजन लागतं. मग पळस, त्याच्या कळीचा देठ काळपट मखमली असतो तो बोटाने चोळून बघाच. मग कुसुंब. अंजनीच्या फांद्यांवर जांभळी-निळी फुलं. रानात कुंभा असेल तर तो रात्री फुलतो, सकाळी झाडाखाली केसरांचा सडा सापडतो. करवंदीची पांढरी फुलं याच सुमारास, करवंदं मात्र एप्रिल-मे. बहावा आणि तामण शेवटी, तोवर ऊन जाळायला लागलेलं असतं.

पक्ष्यांचं म्हणाल तर कान उघडे ठेवा, डोळ्यांपेक्षा तेच आधी कळतं. तांबट टुक टुक टुक करत दिवसभर एका लयीत, दयाळ हिवाळाभर गप्प असतो तो आता पहाटे शेंड्यावर बसून शीळ घालतो, आणि कोकीळ. बाकी कोकिळेचं गाणं म्हणतात पण गातो तो नर, मादी ठिपक्यांची आणि ती कावळ्याच्या घरट्याच्या शोधात. पडवीत बसणार आहात तर वायरीला किंवा वेलीला लोंबणारी पिशवी दिसते का बघा, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, अळीची विष्ठा सगळं चिकटवलेलं, कचरा समजून झाडूने काढू नका, ते शिंजिर या छोट्या पक्ष्याचं घरटं.

मोहवन
मी चंद्रपूरची, आमच्याकडे वसंत म्हणजे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं टपटप पडतात, लोक टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, आणि अस्वलंही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतात म्हणून कोणी एकटं जात नाही. पण मनातलं बोलायचंय ते वेगळंच. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग रानात जाते. तुमच्याकडे राब भाजतात, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळतात, तेव्हाही तसंच होत असणार. रातवा पाचोळ्यावरच अंडी घालतो हो, घरटं वगैरे काही नाही, टिटवी उघड्या जमिनीवर. त्यांना आगीपुढे काय करता येणार? खाली जाळण्याऐवजी नुसतं झाडून घेतलं किंवा जाळी अंथरली तरी भागतं, काही गावांत लोक करतातही. परसातला पातेरा तरी जाळू नका, कलमांच्या आळ्यात टाका, ओल टिकते.

मागीलदार_संगमेश्वर
@मोहवन ताई अगदी बरोबर बोललात. गेल्या मार्चमध्ये वरच्या बाजूला कोणीतरी राब भाजला, दुपारचा वारा सुटला आणि आग गडग्यापर्यंत आली, आम्ही घरातले चौघं ओल्या फांद्यांनी झोडत होतो, एक कलम होरपळलं ते होरपळलंच. यंदा गडग्यालगत दहा-बारा फूट पट्टा आधीच झाडून घेतलाय आणि तो सगळा पातेरा आळ्यांत.

सुरंगी
मोहोराचं काय? ढगाळ होतंय दोन दिवस.

मागीलदार_संगमेश्वर
पहिल्या मोहोराच्या कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्यात, पण दोन कलमांना परत मोहोर फुटलाय आणि त्यामुळे आधीच्या कैऱ्या गळतायत. तुडतुडे पण दिसले. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

आज सकाळचं सांगतो. आईला खुर्ची गडग्यापाशी नेऊन दिली, कुसुंबाचं एक पान तिच्या हातात दिलं, तिने उन्हाकडे धरलं आणि म्हणाली आम्ही याला कोशिंब म्हणायचो, याच्या बियांचं तेल तिची आजी डोक्याला लावायची. हे मला आजवर माहीत नव्हतं, वहीत पहिल्या पानावर तेच लिहिलं. मग मी टुक टुक कुठून येतंय ते शोधत होतो तर शेवग्याची जी सुकलेली फांदी काढायची होती तिच्या खालच्या अंगाला कंपासने काढल्यासारखं गोल भोक, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, आणि खाली जास्वंदीच्या पानांवर ताजा भुसा. पाच मिनिटं हललो नाही. आतून आधी चोच मग लाल कपाळ बाहेर आलं, तोंडातला भुसा टाकला आणि परत आत. त्या माणसाला फोन करून सांगितलंय, परवा येऊ नकोस, फांदी राहू दे, कुसुंबही राहू दे.

@घाटवाटा तांबटाची पिल्लं बाहेर यायला साधारण किती दिवस लागतात? फांदीखालून आमची जायची-यायची वाट आहे, ती दुसरीकडून वळवतो.