इमारत कारखान्यात घडवावी की जागेवर?

ओळंबा:
मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात तयार केलेल्या खोल्या साइटवर आणून रचलेल्या इमारतींचं कौतुक करताना लोक आधी दिवस मोजतात. चीनमधल्या चांगशा शहरात २०१५ साली ५७ मजले १९ दिवसांत चढले, हे उदाहरण तर ठरलेलंच. पण त्या १९ दिवसांत कारखान्यातले महिने धरलेले नाहीत, त्यामुळे मला त्या आकड्याचं फार अप्रूप नाही.

माझ्या मते खरा फायदा छपराखाली काम होण्याचा आहे. साइटवर एका न्हाणीघरात प्लंबर, वायरमन आणि टाइल्सवाला एकमेकांच्या पायात येतात. एकाने केलेलं दुसरा फोडतो आणि गळती कळते ती लोक राहायला आल्यावर. तेच न्हाणीघर कारखान्यात बनलं, तर नळांना दाब देऊन आणि फरशीवर पाणी साठवून तपासता येतं. चाचणी पास झाल्याशिवाय खोली बाहेर जात नाही. शिवाय तिकडे पाया खणला जात असताना इकडे खोल्या तयार होत असतात. ‘आधी कळस मग पाया’ असं आपण उलट्या कामाला म्हणतो, पण इथे कळस आणि पाया एकाच वेळी सुरू करता येतात. रुग्णालय, वसतिगृह, हॉटेल अशा एकसारख्या खोल्यांच्या इमारती तरी याच पद्धतीने व्हायला हव्यात.

सांधा:
ठाम असहमत. मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते, त्यामुळे माझी नजर आधी जोडावर जाते. कारखान्यात भिंत कितीही चांगली बनू दे, इमारत उभी राहते ती जोडांवर.

लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांची होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ ला पहाटे १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि भार पेलणारी एक भिंत बाहेर फेकली गेली. तिच्यावरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा तो अख्खा कोपरा तळापर्यंत कोसळला. चार माणसं गेली. जागेवर एकसंध ओतलेल्या सांगाड्यात एक आधार गेला तर भार शेजारच्या तुळयांकडे वळायला वाव असतो. रोनन पॉइंटमध्ये पॅनेलं एकमेकांवर नुसती टेकलेली होती.

ओळंबा:
@सांधा, उदाहरण योग्य आहे, पण ते पुढेही सांगायला हवं. १९८६ मध्ये ती इमारत मजल्यामजल्याने उतरवली, तेव्हा काही जोडांत मसाल्याऐवजी पोकळ्या आणि वर्तमानपत्राचे बोळे निघाले. ते जोड साइटवर भरलेले होते! म्हणजे ढिसाळपणा झाला तो कारखान्याबाहेरच्या कामात.

सांधा:
तेच तर म्हणते आहे. जोड कायम साइटवरच होणार. वाऱ्यात, क्रेन भाड्याने उभी असताना, घाईत. आणि खोल्यांच्या पेट्या एकमेकींना भिडल्या की तो जोड दोन भिंतींच्या आड जातो. तपासणार कुठून? दोन पेट्यांमधल्या पोकळीत आगीचे अडथळे नीट बसले नाहीत, तर धूर त्याच वाटेने वर चढतो. मिलिमीटरांचा फरकही मजल्यागणिक साठत जातो. दहाव्या मजल्यावर पाइप पाइपासमोर येत नाही, मग तिथे छिन्नी चालते आणि कारखान्याची सगळी अचूकता वाया जाते.

परांची:
तुम्ही दोघं इमारतीबद्दल बोलताय, मी माणसाबद्दल बोलतो. माझे वडील गवंडी होते. बाहेरचा गिलावा करताना परांचीची बल्ली सरकली आणि ते तिसऱ्या मजल्यावरून पडले. वाचले, पण परत थापी धरू शकले नाहीत. उंचीवरचं जितकं काम जमिनीवर आणता येईल तितकं आणा, एवढंच मला कळतं. कारखान्यात अपघात होत नाहीत असं नाही, आणि २० टनांची खोली क्रेनला लटकत असते तेव्हा खाली उभं राहणंही धोक्याचंच आहे. पण ती जोखीम थोडा वेळ आणि मोजक्या लोकांवर असते. परांचीवरचा माणूस महिनोन्महिने तिथेच असतो.

हिशेब:
पैशाकडे कुणीच बघत नाही. कारखाना उभारला की त्याला रोज काम लागतं आणि बांधकामाची मागणी कधीच सरळ रेषेत चालत नाही. अमेरिकेत २०१५ ला सुरू झालेली, इमारतींचे भाग कारखान्यात बनवणारी काटेरा ही कंपनी प्रचंड भांडवल उभं करूनही २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये लीगल अँड जनरलसारख्या बड्या वित्तसंस्थेने २०२३ मध्ये आपल्या मॉड्युलर कारखान्यातलं नवं उत्पादन थांबवलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ३२ मजली मॉड्युलर इमारत दोन वर्षांत व्हायची होती, तिला जवळपास चार लागली. गळती, न जुळणाऱ्या पेट्या, भागीदारांचे कोर्टकज्जे, मध्ये काही महिने काम बंद. आणि घेणाऱ्याची अडचण वेगळीच. नकाशा आधीच गोठवावा लागतो, पैसे लवकर द्यावे लागतात, आणि कारखाना मध्येच बुडाला तर अर्धवट खोल्या दुसरा कुणी पुऱ्या करून देत नाही.

हिमरेषा:
जिथे साइटवर काम करणंच अशक्य, तिथे मात्र याला पर्याय नाही. अंटार्क्टिकातलं भारताचं ‘भारती’ केंद्र १३४ शिपिंग कंटेनर जोडून उभं केलं. ब्रिटनच्या हॅली-६ केंद्राचे आठ भाग तर स्कीवर उभे आहेत. बर्फाला भेग पडत चालली, तेव्हा २०१६-१७ च्या उन्हाळ्यात एकेक भाग सोडवून अख्खं केंद्र २३ किलोमीटर आत ओढत नेलं. जागेवर ओतलेली इमारत तिथेच सोडून यावी लागली असती.

सांधा:
@हिमरेषा, सुटी होणारी इमारत ऐकायला छान, पण शहरात ते जमतं का? टोकियोची नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ ची. १४० कॅप्सूल, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या छोट्या सुट्या खोल्या, दर २५ वर्षांनी बदलायच्या अशी कल्पना. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत उतरवावी लागली. मालक अनेक, खर्चावर एकमत नाही.

@परांची, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. न्हाणीघरासारखे भाग कारखान्यातून आणून नेहमीच्या सांगाड्यात बसवायला माझी हरकत नाही. तिथे भार सांगाडा पेलतो. हरकत आहे ती खोलीवर खोली रचून वीस-वीस मजले चढवण्याला.

ओळंबा:
मी तेवढ्यावर थांबणार नाही. सिंगापूरमध्ये काँक्रीटच्या खोल्या रचून ४० मजली क्लेमेंट कॅनपी उभी आहे, म्हणजे उंची ही अडचण नाही. पण जोड दिसत नाही ही तुमची तक्रार मला मान्य आहे. प्रत्येक जोडाशी एक उघडता येणारी झडप ठेवायची, भरलेल्या जोडाचा फोटो आणि तारीख इमारतीच्या कागदपत्रांत लावायची, आणि त्याखेरीज वरची खोली उचलायची नाही. असं असेल तर तुम्ही ऑडिटमध्ये सही कराल का?

सांधा:
झडप स्वतः उघडून आत हात घालता आला तर करेन. नुसत्या फोटोवर नाही.